बझर आणि मसलत
(‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’च्या पहिल्या हंगामाविषयी)

नाटक, कादंबरी, चित्रपट यांची चिकित्सा आपल्याकडे होते. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा मात्र केवळ निकाल सांगितला जातो. कोण जिंकले, किती गुणांनी जिंकले, एवढ्यावर विषय संपतो. वास्तविक ज्ञान कशाला म्हणावे, ते कोणाजवळ असते आणि ते चारचौघांत कसे वापरावे, याविषयीची समाजाची समजूत अशा कार्यक्रमांतून फार स्पष्टपणे दिसते. आपल्या धर्मग्रामांतूनही बायबलवरील प्रश्नमंजूषा होत असतात आणि त्यांचा साचा पुष्कळदा पडद्यावरूनच उचललेला असतो. म्हणूनच 2003-04 मध्ये बीबीसी वर्ल्ड वाहिनीवर झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’ या विद्यापीठीय संघांच्या स्पर्धेच्या पहिल्या हंगामाकडे, त्याचा निकाल शिळा झाल्यावरही, पुन्हा एकदा पाहावे असे आम्हांस वाटते.

या स्पर्धेचे मूळ अमेरिकेतील ‘कॉलेज बोल’ या कार्यक्रमात आहे. त्यावरून 1962 साली इंग्लंडमध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ सुरू झाली. बॅम्बर गॅस्कॉइन हे 1987 पर्यंत तिचे सूत्रधार होते. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावरील ‘द ख्रिश्चन्स’ ही 1977 ची दूरचित्रवाणी मालिका सादर करणारे लेखक ते हेच. काही वर्षांच्या खंडानंतर 1994 साली जेरेमी पॅक्समन यांच्याकडे सूत्रे आली आणि 2023 पासून कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन ती सांभाळू लागले.

भारतातील प्रश्नमंजूषेची वंशावळ आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. या देशातील पहिली रीतसर खुली प्रश्नमंजूषा 1967 साली कोलकात्यात झाली, आणि ती झाली ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात. अँग्लो-इंडियन समाजाचे नेते नील ओब्रायन यांनी ती घेतली होती. म्हणजे ज्या खेळाने पुढे छोटा पडदा व्यापला, त्याचे पहिले अंगण एका धर्मग्रामाचे होते. पुढे 1985 साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला आणि महाविद्यालयीन संघ घराघरांत दिसू लागले. त्याच बसूंनी 2003 च्या उन्हाळ्यात ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ची भारतीय आवृत्ती हाती घेतली.

या स्पर्धेचे खरे सौंदर्य तिच्या नियमांत आहे. प्रत्येक संघात चौघे असतात. आरंभीचा प्रश्न दहा गुणांचा. त्यासाठी बझर दाबावयाचा तो एकट्याने, सोबत्यांशी एक शब्दही न बोलता. प्रश्न पुरा होण्याआधी दाबला आणि उत्तर चुकले, तर पाच गुण जातात. उत्तर बरोबर आले, की त्या संघाला एकाच विषयावरचे पाच-पाच गुणांचे तीन प्रश्न मिळतात; तेथे मात्र चौघांनी डोकी एकत्र आणावयाची, मसलत करावयाची आणि उत्तर कर्णधाराने द्यावयाचे. एकट्याच्या धाडसाने दार उघडते, पण आतला ऐवज चौघांनी मिळून गोळा करावयाचा असतो. तिन्ही प्रश्न सुटले, तर मसलतीचे पंधरा गुण होतात आणि बझरचे दहाच राहतात. कोणत्याही गुणपत्रिकेने न केलेली ही वाटणी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

त्या अर्ध्या मिनिटाच्या मसलतीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. एकाला उत्तर ठाऊक असते, पण खात्री नसते. दुसऱ्याला खात्री असते, पण उत्तर चुकीचे असते. कोणाचे मानावयाचे, हे कर्णधाराला क्षणात ठरवावे लागते. सोबत्याचे दबक्या आवाजातले उत्तर ज्याला ऐकू येते, तो कर्णधार चांगला. बसूंच्या संयत सूत्रसंचालनाने या क्षणांना पुरेसा वाव दिला. प्रेक्षकांना ताटकळत ठेवणारे संगीत नाही, स्पर्धकाच्या डोळ्यांतील पाण्याचा बाजार नाही. पुढचा प्रश्न आणि त्यावरची मसलत, बस्स. 2000 साली आलेल्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या निर्मितीमागेही हेच बसू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संयमाचे मोल अधिकच कळते.

मार्च 2004 मधील अंतिम सामन्यात मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा पराभव केला. भारतीय विद्या भवनाने 1962 साली स्थापन केलेले हे अंधेरीचे महाविद्यालय. ज्या नावांनी पालकांचे डोळे दिपतात, त्यांच्या यादीत ते बसत नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय सामन्यात याच संघाने केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयावरही मात केली. केंब्रिज हरले आणि अंधेरी जिंकली, हा आनंद साधा नव्हता. संस्थेच्या पाटीवरून विद्यार्थ्याची पारख करणाऱ्यांना त्या चौघांनी चोख उत्तर दिले, याचे श्रेय निःसंकोचपणे द्यावयास हवे.

तथापि येथेच आमच्या आक्षेपाला आरंभ होतो. ‘क्विझ टाइम’ दूरदर्शनवर होता. इंग्रजी न समजणाऱ्या घरातही तो दिसे आणि एखादे नाव, एखादे चित्र कानाडोळ्यांवर पडून जाई. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’ मात्र केबलच्या पैशांपलीकडे, इंग्रजी बातम्यांच्या वाहिनीवर बसली. ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ होते, त्यांच्यापुढेच ती वाढली गेली. विजय भारताचा म्हटला गेला, पण तो मिळाला केंब्रिजच्या भाषेत आणि केंब्रिजच्या मापाने. मुंबईची मुले त्या मापातही उंच ठरली हे खरे. म्हणून माप पुरे आहे असे ठरत नाही.

सोलापूरहून विजयपूरला जाणाऱ्या रस्त्यावरील मंद्रूप या गावाच्या बाजूने पाहिले म्हणजे हे उमगते. येथे मूल घरी कानडी ऐकते, शाळेत मराठी शिकते आणि महाविद्यालयात पाऊल टाकताच इंग्रजीपुढे मुके होते. विजेत्यांचे कौतुक चालले होते त्याच वर्षी, 1 ऑगस्ट 2004 रोजी, सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. एका जिल्ह्यासाठी एक विद्यापीठ. त्या विद्यापीठाच्या मुलाजवळ ज्ञान नाही काय? मालदांडी जोंधळ्याला कोणती जमीन मानवते हे तो सांगेल. बसवेश्वरांची वचने आणि तुकोबांचे अभंग, दोन्ही त्याच्या कानांवर असतात. 1930 साली सोलापुरात लष्करी कायदा का पुकारला गेला, हेही त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असते. दक्षिण सोलापूर तालुक्यातच, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे आश्वासन त्यात कोरलेले आहे. एक हजार वर्षांपूर्वी या मातीने वाचणाऱ्याला विजयाची ग्वाही दिली, आणि त्याच मातीतल्या मुलाला आज वाटते की विजय दुसऱ्याच भाषेत मिळत असतो. या विसंगतीची बोच ज्याला लागत नाही, त्याने प्रश्नमंजूषांचे कौतुक जपूनच करावे.

मराठी पडद्याला याची जाणीव झाली नाही असे नाही. 2013 साली सचिन खेडेकरांनी मराठी ‘करोडपती’ सादर केला. 2019 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे त्या आसनावर बसले, आणि खेड्यातला माणूस स्वतःच्या बोलीत उत्तरे देताना दिसला. त्याच वर्षी शालेय पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. भाषेचे आणि प्रतिष्ठेचे कुंपण येथे मोडले, ही मोठीच गोष्ट. मात्र आसन एकट्याचे झाले आणि ज्ञानाला रुपयांचा भाव लागला. विद्यापीठांच्या स्पर्धेतील मसलत आणि या कार्यक्रमांतील मायबोली एकत्र नांदताना आम्ही तरी पाहिलेल्या नाहीत.

त्या एकत्र नांदविणे आपल्या धर्मग्रामांना अवघड नाही. आपल्या बायबल प्रश्नमंजूषांत आज बझरचेच राज्य असते. मथूशलह किती वर्षे जगला, अमुक पुस्तकाचे अध्याय किती, असे प्रश्न सुटतात ते पाठांतराने. आणि दरसाल तीच दोन-चार चुणचुणीत मुले बक्षिसे नेतात. त्याऐवजी चौघांचा संघ करावा, त्यात धाकटे मूल असावे, आजीही असावी. एकट्याच्या प्रश्नाला दहा गुण आणि मसलतीच्या प्रश्नांना पंधरा, हा नियम जसाच्या तसा उचलावा. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ रागावला तो योग्य होता काय, असा प्रश्न विचारून कारणासह उत्तर मागावे. सीमेवरच्या गावांत कानडीतून उत्तर दिले तरी गुण द्यावेत. सतराव्या शतकात गोव्यात फादर स्टीफन्स यांनी लोकांच्या भाषेत ख्रिस्तपुराण रचले आणि श्रद्धाळूंच्या शंकांना त्यात जागा दिली. त्यांच्या वारसांनी लोकभाषेतल्या उत्तराला कमी लेखू नये.

शेवटी एक उणीव अशी, की ती या सर्वच स्पर्धांना समान आहे. त्यांत प्रश्न नेहमी एकजणच विचारतो आणि बाकीच्यांनी उत्तरे द्यावयाची असतात. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला आढळतो. त्याच्या उत्तरांनी लोक थक्क झाले, हे आपल्या लक्षात राहते. तो आधी त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, हे मात्र आपण विसरतो. पुढच्या सणाला धर्मग्रामात प्रश्नमंजूषा होईल, तेव्हा एक फेरी मुलांनी वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारण्याची ठेवावी. त्या फेरीत वडील हरले, तरी धर्मग्राम हरणार नाही.