तळघरातलं मॉस्को
१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा माणसांच्या घरात काय मोडलं? स्वेतलाना अलेक्सिएविचचं 'सेकंडहँड टाइम' (२०१३) हेच विचारतं. त्यातल्या स्वयंपाकघरातल्या गप्पा गाजल्या. मला मात्र मॉस्कोत तळघरात राहणाऱ्या ताजिक मजुरांचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. कालपर्यंत एकाच देशाचे नागरिक असलेले हे लोक आज राजधानी बांधतात, झाडतात आणि पोलिसांना घाबरून राहतात.

मी बोईसरचा. तारापूर एमआयडीसीत यूपी-बिहारचे कामगार एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. आम्ही त्यांना 'भैये' या एका शब्दात उरकतो. त्यांचा तर देशही बदललेला नाही, तरी ते परकेच.

पुस्तकातली एक गोष्ट खटकते. लेखिका बहुतेक ठिकाणी स्वतःचे प्रश्न गाळते, त्यामुळे वेगवेगळ्या माणसांचा सूर एकसारखा शोकाचा होतो. पण शहर तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारतं, यावरही जीवनमान ठरतं, हे तिने अचूक पकडलंय.

२०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, सिडकोने मुख्यालयाच्या मोठ्या इमारती उभारल्या. ते बांधणारे मजूर रात्री कुठे झोपत होते? असं पुस्तक इथे लिहायचं तर सुरुवात या प्रश्नापासून करावी लागेल.