न पाहिलेला लाल्या

ठाण्यात डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. शाळेची पोरे घेऊन तिथे बालनाट्याला गेलो, तेव्हा एकाने विचारले, "सर, हे डॉक्टर नाटकात काय करायचे?" प्रश्न साधा; पण मास्तर अडला!

कारण मीही त्यांचा लाल्या पाहिलेला नाही. कानेटकरांचे 'अश्रूंची झाली फुले' १९६६ साली आले. डॉक्टर १९८६ मध्ये गेले. लाल्याच्या प्रवेशाला पडणाऱ्या शिट्ट्या मी ऐकल्या त्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. १९६९ मध्ये त्या नाटकावर हिंदी चित्रपट निघाला, पण त्यात डॉक्टर नाहीत. आजच्या पोरांना ठाऊक आहे तो २०१८ च्या चित्रपटातला सुबोध भाव्यांचा लाल्या.

माझ्या हाती उरला राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४). इथे डॉक्टर वकील आहेत, आणि मृत पत्नीसारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी आहे. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी गाजवून दोनच वर्षे झालेली. शेवटच्या रांगेसाठी केलेला हातवारा चार हातांवरच्या कॅमेऱ्यापुढे भडक दिसतो, हे त्यांनी ओळखले होते. संशय आणि ओढ ते बरीचशी डोळ्यांतच ठेवतात. मात्र एखादे वाक्य टाळीसाठी क्षणभर थांबते, आणि टाळी येत नाही. मला तर, वाचकहो, त्या थांबण्यातच रंगभूमीवरचे डॉक्टर ओझरते दिसले.

दिवाळीच्या सुटीत त्या पोराला 'पाठलाग' दाखवला. फराळाची बशी हातात तशीच धरून त्याने तो सबंध पाहिला. मग म्हणाला, "पण सर, शिट्ट्या कुठे वाजल्या?"