रेनालच्या ग्रंथांतील दोन आवाज

फ्रेंच पंडित आबे रेनाल याच्या ‘दोन्ही इंडीजच्या इतिहासां’त दोन आवाज ऐकूं येतात. एक साखर, कॉफी व गुलाम यांचे आंकडे मांडणाऱ्या कारकुनाचा. दुसरा, गुलामांचा सूड घेणारा वीर निपजेल, असें धन्यांस बजावणारा. हा दुसरा बहुतांशीं दिदेरोचा; पण ग्रंथावर त्याचें नांव नाहीं. कीर्ति व शिक्षा, दोन्ही रेनालच्याच वांट्यास! १७७२ मध्यें ग्रंथावर बंदी आली, १७८१ मध्यें पॅरिसच्या न्यायसभेनें तो जाळविला. गुलामांस नीट वागविल्यास काम अधिक होईल, असा हिशेबहि त्यांतच आहे. ही विसंगति मला निव्वळ लेखनदोष वाटत नाहीं. संताप बराचसा उसना होता. मे १७९१ मध्यें वृद्ध रेनालनें राष्ट्रसभेस पत्र लिहून क्रांतीच्या अतिरेकाचा निषेध केला. ऑगस्टांत सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतींतील गुलाम उठले.