‘अरुणोदया’तील नास्तिक कोण?

बाबा पदमनजी यांचें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र इ. स. १८८८ मध्यें प्रसिद्ध झालें. नास्तिक्याकडून ख्रिस्तश्रद्धेकडे झालेला प्रवास म्हणून तें वाचण्याचा मोह सहज होतो. परंतु येथें ‘नास्तिक’ शब्द कोणत्या अर्थीं लागतो, हें आधीं ठरविलें पाहिजे.

मनुस्मृतींत (२.११) हेतुशास्त्राच्या बळावर श्रुतिस्मृतींचा अव्हेर करणारा, तो नास्तिक. पाणिनीच्या ४.४.६० या सूत्राच्या व्याख्यानांत परलोक नाहीं असें मानणारा, तो नास्तिक. ईश्वरच न मानणारा, हा आज रूढ असलेला अर्थ निराळा. तोच धरिला तर निरीश्वर मीमांसकांची गणना आस्तिकांत करतां येणार नाहीं.

बाबांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं कासार कुळांत झाला. मुंबईंत शिकत असतां ते परमहंस सभेंत शिरले आणि १८५४ मध्यें बेळगांवीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ही सभा गुप्त होती; जातिभेद मोडावा, ईश्वर मात्र एक मानावा, असा तिचा बाणा. म्हणजे सभासद मनूच्या लक्षणानें नास्तिक ठरतील, आजच्या अर्थानें नव्हेत. बाबांनीं सोडिला तो ईश्वर नव्हे, शब्दप्रमाण. कांहीं काळ अनुमानावर राहून ते पुनः शब्दप्रमाणाकडे वळले; ग्रंथ मात्र निराळा. उलट त्याच सभेंतील आत्माराम पांडुरंग १८६७ मध्यें प्रार्थनासमाजाच्या स्थापनेंत अग्रभागीं होते. एकाच वाटेस असे दोन फांटे फुटले. तेव्हां सभेची तर्कबुद्धि हें बाबांच्या धर्मांतराचें पुरेसें कारण होऊं शकत नाहीं.

तें कारण ग्रंथांत शोधतांना सावध राहावें. बाप्तिस्म्यानंतर ३४ वर्षांनीं लिहिलेल्या चरित्रांत पूर्वीची प्रत्येक शंका पहाटेसारखी दिसणारच. ग्रंथाचें नांवच तसें आहे. हा दोष सत्यनिष्ठेचा नव्हे, अंतराचा आहे. त्यावर उपाय समकालीन कागद हाच. आणि सभेची गुप्तता १८६० च्या सुमारास फुटून ती मोडली, त्यामुळें तिच्या दप्तराचा भरंवसा धरतां येत नाहीं.

आमच्या शहापूर–मुरबाडकडे पोथी, सनद, वंशावळ जपली जाते. मिशनची जुनी चोपडी परधर्माची म्हणून रद्दींत जाते. संग्राहकांनीं तीही राखावी. त्या चोपडीवरील सन आणि मालकाची सही एखादे वेळीं सबंध आत्मचरित्राहून अधिक सांगून जाईल.