एकेरी क्रियापद आणि खेळाडूचा निरोप

१

मराठीत एखाद्या व्यक्तीविषयी बोलताना क्रियापद एकवचनी ठेवावे की अनेकवचनी, हा प्रश्न वरकरणी शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो नात्याचा आहे. 'बाबा आले' असे म्हणणारे मूल त्याच दमात 'आई आली' असे म्हणते, आणि त्यात आईचा अनादर कोणासही जाणवत नाही. मंत्री 'येतात', प्राचार्य 'येतात'. परंतु सोलापूर जिल्ह्यातच असलेल्या पंढरपूरचा विठोबा विटेवर 'उभा आहे', 'उभे आहेत' असे वारकरी म्हणत नाही. तेव्हा मराठीतील एकवचन दोन प्रकारचे आहे, असे मानावे लागते. एक वयाने वा अधिकाराने लहान असलेल्याचे. दुसरे, ज्याच्याशी अंतर राखण्याची आवश्यकताच वाटत नाही अशा जवळच्याचे.

खेळाडूसाठी वापरले जाणारे एकवचन या दुसऱ्या प्रकारात मोडते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर मंत्री 'म्हणाले' असे छापलेले असते आणि क्रीडापृष्ठावर फलंदाज 'म्हणाला' असे. खेळाडू तरुण असतो म्हणून असे होते, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. कारण दहा वर्षांचा मुलगाही चाळिशीतल्या फलंदाजाविषयी 'तो बाद झाला' असेच म्हणतो, आणि आपल्या शाळेतील तिशीतल्या शिक्षकाविषयी तसे म्हणत नाही. येथे वयाचा निकष सुटलेला आहे. उरला आहे तो सहवासाचा.

मात्र एकेरीचा हा अधिकार खेळाडू मैदानावर असेपर्यंतच निर्वेध असतो. त्याने निवृत्ती पत्करली की क्रियापद बदलू लागते. सुनील गावसकर १९७१ ते १९८७ या काळात कसोटी क्रिकेट खेळत असताना मराठी घरांतून 'गावसकर खेळतोय' असेच म्हटले जाई. आज समालोचक व स्तंभलेखक या नात्याने 'गावसकर म्हणाले' असे लिहिले जाते. व्यक्ती तीच, नाव तेच. पालटले ते केवळ क्रियापदाचे वचन. स्त्री-खेळाडूंच्या बाबतीतही 'म्हणाली' ते 'म्हणाल्या' असा हाच प्रवास घडतो. चाहत्यांच्या शोकाचा विचार या लहानशा व्याकरणिक घटनेपासून सुरू केला, तर त्या शोकाविषयीचे पुष्कळसे रूढ लेखन किती वरवरचे आहे, हे ध्यानात येते.

२

प्रथम 'निवृत्ती' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. संस्कृत 'वृत्' धातूला 'नि' उपसर्ग लागून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मागे फिरणे, परतणे असा आहे. तत्त्वविचारात प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी प्रसिद्धच आहे; १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी निवृत्तिमार्गाच्या विरुद्ध कर्मयोगाचा जो पक्ष मांडला, त्यामुळे हा शब्द सुशिक्षित मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. पुढे सरकारी नोकरीच्या भाषेत 'सेवानिवृत्ती' व 'निवृत्तिवेतन' हे शब्द रुळले. क्रीडाभाषेने शब्द घेतला तो बहुधा या कचेरीच्या दारातून. परंतु त्याला जुन्या वैराग्याचा वास थोडासा राहिलाच. हिंदी वृत्तपत्रे याच प्रसंगी 'संन्यास' हा शब्द वापरतात. मराठीने तो टाळला, हे चांगले झाले. कारण संन्यासात परत येण्याची वाट नसते, आणि निवृत्तीत मात्र घराकडे वळण्याचा अर्थ मुळातच आहे.

क्रिकेटमध्ये तर या शब्दाचा आणखी एक लहान अर्थ आहे. दुखापतीमुळे खेळपट्टी सोडणाऱ्या फलंदाजाची नोंद धावफलकात 'जखमी निवृत्त' अशी होते, आणि तो बरा झाल्यास त्याच डावात परत खेळू शकतो. चाहत्यांच्या मनात मोठ्या निवृत्तीच्या वेळीही ही लहान निवृत्ती कोठेतरी जागी असते: गेला आहे, पण डाव संपलेला नाही, अशी एक अस्पष्ट आशा.

नामाइतकेच महत्त्व त्याला जोडल्या जाणाऱ्या क्रियापदाला आहे. 'निवृत्त झाला' यात कर्तृत्व कोणाचे, हे उघड होत नाही. 'निवृत्ती घेतली' यात ते खेळाडूचे आहे. 'निवृत्ती पत्करली' यात परिस्थितीचा रेटा सूचित होतो. आणि 'निवृत्त व्हावे लागले' यात निवड समिती, वय वा दुखापत यांपैकी कोणीतरी पडद्याआड उभे असते. लोकभाषेतील 'रामराम ठोकला' हा प्रयोग याहून वेगळा आहे. रामराम हा भेटीचाही शब्द आहे आणि निरोपाचाही. म्हणून त्यात दुःख कमी आणि मोकळेपणा अधिक आहे. कोणता चाहता यांतील कोणता प्रयोग निवडतो, यावरून त्या निवृत्तीविषयी त्याचा निवाडा काय आहे, हे तो वेगळे न सांगताही कळते.

३

निवाड्याचा प्रश्न आला की विजय मर्चंट यांचे उदाहरण हटकून दिले जाते. १९५१ मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या. ती त्यांची कसोटीतील सर्वोच्च खेळी होती आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. लोक 'का थांबला?' असे विचारतील तेव्हा थांबावे, 'का थांबत नाही?' असे विचारू लागेपर्यंत वाट पाहू नये, या आशयाचे वचन त्यांच्या नावावर सांगितले जाते. हे वचन इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः त्यात एक गृहीत दडलेले आहे. खेळाडूने केव्हा जावे, हे ठरविण्याचा अधिकार ते प्रेक्षकाच्या प्रश्नाकडे सोपविते. आणि मर्चंट यांच्या बाबतीतही त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना झालेली खांद्याची दुखापत, हे निवृत्तीचे कारण होते. सूत्र मागाहून आले.

प्रेक्षकाच्या प्रश्नावर कितपत विसंबावे, हे मराठी क्रियापदाच्या अर्थांवरून दिसून येते. निवृत्तीपूर्वी चाहता विध्यर्थात बोलतो: 'त्याने आता थांबावे', 'नव्या मुलांना संधी द्यावी'. निवृत्ती जाहीर होताच तोच चाहता संकेतार्थात बोलू लागतो: 'आणखी एक मालिका खेळला असता तर', 'एवढी घाई केली नसती तर'. विध्यर्थाकडून संकेतार्थाकडे होणारा हा प्रवास कित्येकदा एका दिवसात पुरा होतो. यास दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. विध्यर्थ हा हक्काचा अर्थ आहे. घरातल्या माणसालाच 'तू आता असे करावेस' असे बजावता येते. संकेतार्थ हा हक्क गमावल्यानंतरचा अर्थ आहे. दोहोंच्या मुळाशी नाते एकच, ते म्हणजे ज्यामुळे एकेरी क्रियापद वापरता येते ते. कठोर सल्ला आणि नंतरचे अश्रू ही त्याच जवळिकीची दोन रूपे होत.

४

या दृष्टीने तीन-चार प्रसंग तपासता येतील. पहिला सोलापूरशी संबंधित आहे. पहलान रतनजी उर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापूर येथे झाला. १९५५ मध्ये हैदराबाद येथे न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून भारताचे पहिले कसोटी द्विशतक त्यांनी झळकाविले. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांनी एका डावात पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा केल्या. आणि पुढचाच किंग्स्टन येथील सामना त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. ५९ कसोटी, ३६३१ धावा आणि १२ शतके, हे तिन्ही आकडे त्या वेळी भारतीय उच्चांक होते. मर्चंट यांच्या कसोटीला ही निवृत्ती पुरेपूर उतरते. तरीही तिच्याभोवती निरोपाचे वाङ्मय फारसे उभे राहिले नाही. शेवटचा सामना हजारो मैलांवर, मालिका ५-० अशी गमावलेली, आणि मायदेशातील वाचकाला खेळ कळणार तो मुख्यतः छापील वृत्तांतातून. जन्मगावाच्या वा मुंबईच्या प्रेक्षकाला डोळ्यांदेखत निरोप देण्याची संधीच नव्हती. आज उम्रीगर हे नाव नियामक मंडळाच्या वार्षिक पुरस्कारामुळे नव्या पिढीच्या कानावर पडते. पण ते आदरार्थी बहुवचनातच. एकेरी म्हणणारी पिढी सरली की नाव उरते, नाते उरत नाही, याचे हे उदाहरण होय.

दुसरा प्रसंग गावसकरांचा. मार्च १९८७ मध्ये बंगळूर येथे पाकिस्तानविरुद्ध, चेंडू हातभर वळत असलेल्या खेळपट्टीवर, त्यांनी ९६ धावा केल्या; भारत १६ धावांनी हरला. हा त्यांचा शेवटचा कसोटी डाव. येथे शतकाला कमी पडलेल्या चार धावा चाहत्यांनी जपून ठेवल्या आहेत. विशेष हे की, आज 'गावसकर म्हणाले' असे लिहिणारा जुना रसिकही त्या डावाची आठवण सांगू लागला की नकळत एकेरीवर येतो: 'एकटा उभा राहिला, आणि शहाण्णववर गेला.' स्मृतीत खेळाडू निवृत्त झालेला नसतो. तेथे क्रियापदाचे वचन अद्याप जुनेच असते.

तिसरा प्रसंग सचिन तेंडुलकर याचा, आणि तोच सर्वांत संपन्न आहे. १६ मार्च २०१२ रोजी शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक होण्यापूर्वीच्या वर्षभरात आणि त्यानंतरही विध्यर्थाचा सूर वाढत गेला होता. १० ऑक्टोबर २०१३ रोजी निवृत्तीचा निर्णय जाहीर झाला, आणि तो सूर एकाएकी थांबला. १४ ते १६ नोव्हेंबर या काळात वानखेडे मैदानावर झालेला दोनशेवा कसोटी सामना हा खेळ कमी आणि निरोपाचा विधी अधिक होता. ७४ धावांवर तो बाद झाला. त्याच्या आईने मैदानावर बसून पाहिलेला हा त्याचा पहिला आणि शेवटचा सामना होता. सामन्यानंतरचे भाषण इंग्रजीत झाले. मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर यांच्या मुलाने इंग्रजीत बोलावे, याची हळहळ काहींना वाटली असेल. परंतु भाषणाचा साचा मात्र मराठी घरातील कार्याच्या आभारप्रदर्शनाचा होता. आधी वडील, मग आई, मग भावंडे, पत्नी, मुले, मित्र, गुरू, असा तो क्रम. प्रेक्षकांनी त्याला उत्तर दिले ते दोन वेळा उच्चारलेल्या एका नावाने. आडनाव नाही, उपाधी नाही, क्रियापदही नाही, केवळ संबोधन. एकेरीच्या अधिकाराचा इतका मोठा सामुदायिक उच्चार मराठी मुलखात क्वचितच झाला असेल.

त्याच दिवशी भारतरत्न जाहीर झाले, आणि भाषेपुढे पेच उभा राहिला. 'तेंडुलकर यांना भारतरत्न' असे लिहावे की 'सचिनला'? तेव्हापासून आजतागायत मराठी वृत्तपत्रे या बाबतीत एकमत करू शकलेली नाहीत. औपचारिक बातमीत 'ते', क्रीडापृष्ठावर आणि घरात 'तो'. ही लेखनातील अव्यवस्था नव्हे. ज्या माणसाला समाजाने अद्याप पुरता निरोप दिलेला नाही, त्याच्याविषयीचे ते प्रामाणिक व्याकरण आहे.

याच्या उलट ७ मे २०२५ रोजी रोहित शर्मा याने कसोटी क्रिकेटमधील निवृत्ती समाजमाध्यमावरील लहानशा इंग्रजी निवेदनाने जाहीर केली. ६७ कसोटींत ४३०१ धावा व १२ शतके. शतकांची संख्या उम्रीगरांइतकीच. शेवटचा सामना शेवटचा आहे, हे तो चालू असताना कोणाला ठाऊक नव्हते. उम्रीगरांच्या वेळी निरोप हुकला तो अंतरामुळे. येथे तो हुकला बातमी क्षणात पोहोचत असूनही. आता निवृत्ती एका प्रकारातून होते, दुसऱ्यातून होत नाही, त्यामुळे 'कशातून?' या पंचमीच्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. निरोप तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाचा असल्याने क्रियापद बदलण्याचा क्षणच निश्चित होत नाही.

५

या पार्श्वभूमीवर मराठीतील रूढ निरोपलेखांकडे पाहिले असता त्यांची उणीव कळते. 'एका युगाचा अंत', 'सुवर्णपर्वाची सांगता', 'क्रिकेटविश्व पोरके झाले' ही वाक्ये कोणत्याही खेळाडूच्या नावाखाली बसविता येतात. युग व पर्व हे शब्द काळाला मोठे करतात, पण त्या काळात चाहता कोठे होता, हे सांगत नाहीत. मृत्युलेखाची शैली जिवंत, चाळिशीच्या आतबाहेर असलेल्या माणसाला लावली जाते, आणि त्यामुळे ज्याचा शोक आहे ती गोष्टच दृष्टिआड होते. खेळाडू मेलेला नाही; त्याला 'अरे' म्हणण्याचा हक्क सरत चालला आहे. चाहत्याचे स्वतःचे वयही या हक्काला बांधलेले असते: आपण ज्याला एकेरीत हाक मारीत होतो तो 'ते' झाला, याचा अर्थ आपणही थोरांच्या पंक्तीत जाऊन बसलो.

कुस्तीच्या परंपरेत या स्थित्यंतरासाठी शब्द तयार आहे. पश्चिम महाराष्ट्रातील तालमींत मैदानी कुस्ती सोडलेला मल्ल वस्ताद होतो. 'पैलवान आला' या वाक्याच्या जागी 'वस्ताद आले' हे वाक्य येते. तेथे बहुवचन अंतरासाठी नव्हे, नव्या कामासाठी आलेले असते. तांबड्या मातीशी संबंध तुटत नाही, तो केवळ उलट बाजूने सुरू होतो. 'निवृत्ती' या शब्दातील परतण्याचा अर्थ तालमीने आचरणात आणला आहे. क्रिकेटने, आणि प्रेक्षणीय बनलेल्या बहुतेक व्यावसायिक खेळांनी, असे नाम निर्माण केलेले नाही. समालोचक, मार्गदर्शक, सदिच्छादूत हे हुद्दे आहेत; त्यांत नाते नाही. म्हणून चाहत्याला आपल्या भावनेसाठी युगान्ताचे उसने शब्द घ्यावे लागतात.

हा विषय केवळ मराठीपुरता नाही. सोलापूरच्या पेठांत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या भाषा रोजच्या व्यवहारात आहेत, आणि या सर्व भाषांत आदरार्थी अनेकवचनाची सोय आहे. इंग्रजी क्रियापदात ती नाही. एकाच गल्लीतील चार भाषांचे चाहते एकाच निवृत्त खेळाडूविषयी बोलताना वचन केव्हा बदलतात, आणि मुळात बदलतात काय, याचे निरीक्षण पदव्युत्तर विद्यार्थ्याला चालता चालता करता येण्यासारखे आहे. त्याच्या जोडीला वृत्तपत्रांच्या जुन्या संचिकांतून एकाच खेळाडूविषयीची निवृत्तीपूर्वीची, निवृत्तीच्या आठवड्यातील व दहा वर्षांनंतरची वाक्ये काढून ती शेजारी शेजारी ठेवावीत. निरोपलेखांनी जे सांगितले नाही, ते त्या वाक्यांच्या शेवटच्या शब्दांत लिहिलेले सापडेल.