राणीचे नाव आधी

शिल्पाचे रसग्रहण करायचे तर शिल्प समोर हवे, ही अगदी किमान अपेक्षा. नाणेघाटाच्या लेण्यात तीही पुरी होत नाही. मागच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या आठ प्रतिमा कोरल्या होत्या. त्यांतले आता पायांपाशी खुणेपुरते काही आणि वर ब्राह्मी अक्षरांतली नावे, एवढेच उरले आहे. तरीही महाराष्ट्रातल्या सार्वजनिक शिल्पाबद्दल बोलायचे, तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. अंगे झडून गेली, पण रचना अजून वाचता येते.

आधी जागा पाहू. सातवाहनांच्या काळी जुन्नर ही मोठी पेठ होती. पैठणकडचा माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचेही लेख आहेत, यावरून त्या वर्दळीची कल्पना यावी. गावापासून तीसेक किलोमीटरवर घाटघरच्या पठाराची कड येते आणि तिथे कड्यातून खाली उतरणारी नळी लागते. वैशाखऱ्याकडून चढून आलेल्याचा दम जिथे संपतो, नेमके तिथे हे लेणे आहे. आत टेकायला दगडी बाक. नळी चढून वर गेले की दगडी रांजण, लोकांच्या तोंडी तो जकातीचा. म्हणजे या प्रतिमा ना राजवाड्यात होत्या, ना देवळात. त्या नाक्यावर होत्या. मुद्दाम पाहायला कुणी येण्याची गरजच नव्हती. व्यापारी, हमाल, भिक्खू, ज्याला घाट चढायचा त्याच्या त्या नजरेस पडणारच.

आता भिंत वाचू. डावीकडून पहिले नाव ‘रायो सिमुक सातवाहनो सिरिमातो’. हा कुळाचा मूळपुरुष, त्याचा मान पहिला. पुढे दोन प्रतिमांना मिळून एकच लेख आहे: ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. राणी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी. जोडप्याला एक ओळ, आणि त्या ओळीत राणी आधी. त्यानंतर एक कुमार, मग एक नाव पुसलेले. पुढे ‘महारठी’ ही पदवी असलेला त्रणकयिर आणि शेवटी आणखी दोन कुमार, हकुसिरी आणि सातवाहन.

लग्नातल्या ग्रुप फोटोत कोण कुणाच्या शेजारी उभे आहे यावरून घरातली नाती आणि मानापमान कळतात, तसेच इथे आहे. राजकुळाच्या रांगेत महारठी कसा? तो राणीच्या माहेरचा, बहुधा तिचा पिता, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर या भिंतीवर सासर आणि माहेर एका ओळीत उभे आहेत. घाटाखालून आलेल्या परक्याला न बोलता सांगितले जाते, की इथे एकट्या राजाची नव्हे, सोयऱ्याधायऱ्यांसह बांधलेली सत्ता आहे.

भासाच्या प्रतिमानाटकाची इथे आठवण होतेच. आजोळहून परतणारा भरत अयोध्येबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो, दिलीप, रघू, अज यांच्या पुढे दशरथाची मूर्ती पाहतो आणि वडील गेल्याचे त्याला कळते. कारण तिथे फक्त दिवंगतांना जागा. ती रांग निव्वळ राजांची, बापामागून लेक अशी. नाणेघाटात राणी आहे, व्याही आहे, कुमार आहेत. भासाची रांग मागे पाहते. इथे सिमुकापासून निघालेली नजर कुमारांवर येऊन थांबते, म्हणजे पुढच्या पिढीवर.

डाव्या-उजव्या भिंतींवरचा लांबलचक प्राकृत लेख या रांगेला जोडूनच वाचायला हवा. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन, मग विधवा राणीचे व्रतस्थ जीवन, मग अश्वमेध, राजसूय आदी यज्ञ. आणि दक्षिणा तर हिशेबाच्या वहीसारखी आकड्यांत: एके ठिकाणी १,७०० गाई आणि १० हत्ती. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात हे आकडे मोडतात. लेखातले राणीचे नाव झिजले आहे. ती नागनिका असावी, हे ठरते ते मागच्या भिंतीवरच्या नावांच्या आधाराने. ब्रिटिश अधिकारी विल्यम साइक्स १८२८ मध्ये इथे आला, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी या प्रतिमांचा माग काढला आणि १८८३ मध्ये जर्मन संस्कृत-पंडित ब्यूलरने लेख छापला.

आपल्या चौकांतल्या पुतळ्यांखाली अनावरण करणाऱ्यांची पाटी एवढी मोठी असते, की पुतळा कुणाचा ते शोधावे लागते. आपले नाव कोरून घेण्याची हौस नागनिकेलाही होती, हे कबूल करू. पण ती रांगेबाहेर उभी राहिली नाही; नवऱ्याच्या शेजारी, कुळाच्या क्रमात तिने आपली जागा घेतली. शिवाय तिने दोन प्रकारच्या लोकांचा विचार केला. वाचणाऱ्यांसाठी दोन भिंती भरून मजकूर, न वाचणाऱ्यांसाठी एक भिंत प्रतिमा. काळाने दुसऱ्यांचा वाटा नेला. ओझ्याच्या बैलामागून आलेल्या माणसाने जे डोळे भरून पाहिले, ते आपल्याला आता दिसणार नाही. आणि त्याला जे वाचता आले नाही, तेवढेच आपल्या वाट्याला आले आहे.