‘आठवते’ आणि ‘म्हणे’ : आत्मचरित्रातील स्मृतीचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली ती १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत. तरीही १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ याच घटनेने आणि त्यानंतर वडिलांना जडलेल्या सोवळ्याच्या वेडाने होतो. ‘स्मृति’ असे नाव मिरविणाऱ्या ग्रंथात आरंभीच न अनुभवलेली घटना यावी, याचा विचार आपल्या टीकेने करावयास हवा.

एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये प्रसंगस्मृती व ज्ञानस्मृती असा भेद केला. गतक्षण आपलाच म्हणून पुन्हा अनुभवण्याची जाणीव हे त्यांनी पुढे प्रसंगस्मृतीचे मर्म मानले आणि ती केवळ मानवाला बहाल केली. या मताचा मुख्य आधार म्हणजे ‘मला आठवते’ ही माणसाची साक्ष होय. परंतु ही साक्ष कितपत निर्भेळ आहे? मांजरसुंब्याजवळील कपिलधारच्या यात्रेला वडिलांच्या खांद्यावरून गेलेले एखादे मूल प्रथम ‘मी म्हणे फार रडलो’ असे सांगेल. घरात तीच हकीकत वर्षानुवर्षे ऐकल्यावर ‘म्हणे’ गळते आणि ‘मला आठवते’ येऊन बसते. ऐकीव व अनुभूत यांतील सीमा मराठीने एका लहानशा शब्दाने राखली आहे; तो गळताच सीमा पुसते.

वडीलधाऱ्यांशी होणाऱ्या संभाषणातून मुलाची आत्मचरित्रात्मक स्मृती घडते, हे कॅथरिन नेल्सन व रॉबिन फिवुश यांचे २००४ मधील प्रतिपादन येथे पटते. मात्र त्यावरून भाषा हीच स्मृतीची जननी असे मानणे अतिव्याप्त ठरेल. क्लेटन व डिकिन्सन यांच्या १९९८ च्या प्रयोगात स्क्रब जे पक्ष्यांनी चार तासांनंतर आवडत्या अळ्यांचा साठा शोधला. १२४ तासांनंतर, अळ्या नासल्या असणार म्हणून, शेंगदाण्यांचा. काय, कोठे आणि केव्हा लपविले, हे त्यांनी शब्दावाचून राखले होते. उलटपक्षी, शैशवातील विस्मरण मूक उंदरांतही आढळते. हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची झपाट्याने होणारी निर्मिती हे त्याचे एक कारण असल्याचे २०१४ च्या संशोधनाने दाखविले.

सारांश, भाषा स्मृतीला आकार देते, तिचे जतन करते, प्रसंगी परक्याची स्मृतीही आपलीशी करून देते. परंतु ती स्मृतीचा निर्णायक पुरावा नव्हे. पक्षी साक्ष देत नाही म्हणून त्याला स्मृती नाही असे ठरत नाही, आणि माणूस साक्ष देतो म्हणून ती अनुभवाचीच असते असेही नाही. लक्ष्मीबाईंचे पहिले चित्र असत्य नाही. ते घराण्याच्या स्मृतीचे आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासकाने ‘हे खरे काय?’ या प्रश्नाआधी ‘येथे कोणते “म्हणे” गळले आहे?’ असे विचारावे.